बातमी कार-टीची, सलाईन रिटुक्सिमॅबचं

भाच्याने व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, आपल्या पवईत तयार झालंय!" मी तेव्हा कुकरचं झाकण लावून द्यायला जाऊबाईंना हाक मारत होते. मला संधिवात आहे, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस; सहा वर्षं हे असंच चाललंय. सकाळी तासभर मूठ वळत नाही, लोकलचा दांडा धरला की मनगटातून कळ जाते. दर रविवारी त्याचं औषध, मेथोट्रेक्सेट, आणि सोमवारी मळमळ. त्यात भर म्हणून घेतलेल्या दोन औषधांनीही हात टेकले होते.

बातमी कार-टी पेशींची होती, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी लॅबमध्ये बदलून परत देण्याच्या उपचाराची. जर्मनीत एर्लांगेनला ल्युपसच्या (यातही प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते) रुग्णांना त्या दिल्या, चांगला गुण आला. मी बातमीची प्रिंट काढून परळला डॉक्टरांपुढे ठेवली.

त्यांनी जुन्या रिपोर्टच्या पाठीमागे दोन गोल काढले. "ही बी पेशी. तुमच्या रिपोर्टातला आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, म्हणजे आपल्याच शरीरावर उलटलेल्या अँटिबॉडी, हे सगळं हिच्याच घराण्याचं. ही टी पेशी. ती तुमच्या रक्तातून मशीनने काढायची, लॅबमध्ये तिच्यात नवा जीन घालायचा, म्हणजे बी पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखून तिला बी पेशी मारता येते. मग परत अंगात सोडायची. त्याआधी दोन-तीन दिवस केमो."

"केमो? सांध्यांसाठी?" हे खुर्चीतून उठलेच.

पवईचं औषध, म्हणजे आयआयटी आणि टाटा मेमोरियलने मिळून केलेलं, २०२३ च्या ऑक्टोबरात मंजूर झालं, पण रक्ताच्या कॅन्सरसाठी. खर्च चाळीस लाखांच्या घरात. सांध्यांच्या आजारासाठी अजून चाचण्याच चालू आहेत. माझा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "निशाणा तोच, बंदूक जुनी, अशी एक गोष्ट आहे आपल्याकडे." ती म्हणजे रिटुक्सिमॅब, सलाईनमधून द्यायचं औषध. ते सीडी२० या खुणेवरून बी पेशी टिपतं. रक्तातल्या जातात, लिम्फच्या गाठींमध्ये लपलेल्या काही उरतात, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं.

आधी न्यूमोनियाची लस घेऊन चार आठवडे थांबायचं होतं. लस घेतल्यावर अँटिबॉडी बनवतात त्या बी पेशी, आणि आपण घालवणार त्याच! हे मला फार गमतीचं वाटलं. पुढचं मात्र गमतीचं नव्हतं. ठरल्या दिवशी डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून पोचलो, तर डे-केअरमध्ये म्हणाले, हेपॅटायटिस बी-ची कोअर अँटिबॉडी कुठे आहे? आम्हाला एकच तपासणी लिहून दिली होती, ती केली होती. जुनी कावीळ अंगात दडलेली असेल तर या औषधाने उसळू शकते, म्हणून दुसरीही लागतेच. मान्य. पण हे आदल्या दिवशी फोनवर सांगता येत नव्हतं? वर कॅशलेसची मंजुरी त्याच तारखेची, ती पुन्हा मागवण्यात आठवडा गेला.

दुसऱ्या खेपेला लागलं एकदाचं. आधी स्टिरॉइड, तापाची गोळी, ॲलर्जीचं इंजेक्शन. मग १००० मिलिग्रॅमची बाटली, सुरुवातीला तासाला ५० मिलिग्रॅम या वेगाने, दर अर्ध्या तासाने थोडा वाढवत. तिसऱ्यांदा वेग वाढवला आणि कानाच्या आत खाज सुटली. कान खाजवला म्हणून काय सांगायचं, असं वाटून मी गप्प बसले, तर घसा खवखवायला लागला. सिस्टरने माझ्याकडे बघितलं मात्र, सलाईन बंद. "काकू, पहिली खाज सुटते तेव्हाच सांगायचं असतं!" अर्ध्या तासाने निम्म्या वेगावर पुन्हा सुरू केलं. सुटेपर्यंत संध्याकाळचे साडेसहा वाजले.

त्या रात्री मला झोपच नाही. दोन वाजता उठून कपाट आवरलं, बोटं अगदी लोण्यासारखी. सकाळी भाच्याला कळवूनही टाकलं, गुण आला! तिसऱ्या दिवशी हात पुन्हा धरले. ती सगळी करामत स्टिरॉइडची होती. पंधरा दिवसांनी दुसरी बाटली झाली, काही त्रास न होता.

खरा फरक नवव्या आठवड्यात कळला. मूठ वळायला वीस मिनिटं लागायला लागली. मेथोट्रेक्सेट चालूच आहे. परवा रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात सीडी१९ पुढे शून्य. बी पेशी मोजतात त्याच खुणेवरून. मी तो भाच्याला पाठवला.

कुकर अजून जाऊबाईच लावतात.