म्हाताऱ्या वेली कशाला ठेवायच्या?

स्पेनमधल्या हारोला, वाइनच्या गावाला, जाऊन आलोय म्हटलं की आमच्याकडचा द्राक्षबागायतदार पहिलं हेच विचारतो: ‘वेल म्हातारी झाली, माल घटला, तरी ते लोक बाग तोडत का नाहीत?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आमची थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षाची, बाग वडिलांनी सोळाव्या वर्षी तोडली. ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, पोकळ झालेले, एकरी माल निम्म्यावर आलेला, आणि सोसायटीचं कर्ज कुणाची वाट बघत नाही. वडिलांचं चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. आपल्याकडे वेलीला झोपच नाही. एप्रिलला काडी तयार करायची खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी. वर्षातून दोनदा उठवायची. हारोत ती पानं गाळून अख्खा हिवाळा निजते.

लोपेझ दे एरेदिया हे तिथलं १८७७ पासूनचं वाइन करणारं घराणं. फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा उजाडल्या आणि तिथले व्यापारी वाइन शोधत हारोत आले, तो काळ. एब्रो नदीकाठची त्यांच्या टोंडोनिया नावाच्या बागेची लागवड १९१३-१४ ची. मांडव नाही, तार नाही. बुटकी, पिळवटलेली खोडं, घड मोजके, मणी बारीक. तोडणीच्या तोंडावर एक मणी चावून बघितला, तर गर थोडा आणि सालच जास्त. आम्ही जीएमध्ये, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकात, घड बुडवून जो मणी फुगवतो, त्याच्या बरोब्बर उलट! पण लाल वाइन सालीसकट आंबवतात. रंग सालीतला, तुरटपणा सालीतला, बियांतला. हा तुरटपणा आणि जोडीला आंबटपणा असला तरच वाइन वीस-तीस वर्षं तग धरते.

तळघरात टोंडोनियाची रिझर्व्हा, म्हणजे मुरवत ठेवलेली वाइन, सहा वर्षं ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत असते. पिंपं घरच्याच सुतारांनी केलेली. वर्षातून दोनदा गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या पिंपात काढायची, शेवटी अंड्याच्या पांढऱ्याने निवळायची. भिंतींवर ही कोळिष्टकं! आईने आधी झाडू मागितला असता. पण ती मुद्दाम ठेवलेली. बुचं पोखरणारे पतंग कोळी खातात.

आपला माल किलोवर जातो, त्यांचा वर्षांवर. म्हणून बाग तोडत नाहीत. पण सहा वर्षं पैसा पिंपात अडकवायचा, तर मागे आजोबा-पणजोबांची पुण्याई लागते. ती आमच्याकडे नाही.

तरी विहिरीकडच्या शिराझच्या, म्हणजे वाइनच्या द्राक्षाच्या, दोन ओळी मी ठेवल्यात, यंदा अठरावं वर्ष. वडील येता-जाता बघतात आणि म्हणतात, ‘सरपणाला बऱ्या आहेत.’