डाव्या कोपऱ्यातलं शून्य

प्रॅक्टिकलच्या जर्नलमधल्या ३×३ मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी मांडणीचा) डिटर्मिनंट, म्हणजे तिच्या आकड्यांवरून ठरावीक रीतीने निघणारी एक संख्या, बरोबर आला की मुलांच्या लेखी प्रोग्रॅम झाला. ‘सर, आउटपुट आलंय, सही द्या ना.’ तेवढ्यावर मी सही देत नाही. दोन रँडम मॅट्रिक्स घेतो. दोघींचा आणि त्यांच्या गुणाकाराचा डिटर्मिनंट त्याच प्रोग्रॅमकडून काढून घेतो. पहिल्या दोन उत्तरांचा गुणाकार तिसऱ्याएवढा यायला हवा. खरं उत्तर मला माहीत नसलं तरी अडत नाही. शाळेत नवाचा ताळा पाहायचो, त्यातलाच प्रकार. अर्थात २४ × १७ चं उत्तर ४०८ ऐवजी ४८० लिहिलं तरी तो ताळा जुळतो! इथंही पळवाट आहेच: कायम १ परत करणारं फंक्शन ही चाचणी आरामात पार करतं. म्हणून कर्णावर २, ३, ५ आणि बाकी सगळीकडे शून्य असलेली एक मॅट्रिक्सही देतो. ३० आले तर पुढे.

रँडम आकड्यांवर एवढा भरवसा का, याचं गणित डेमिलो आणि लिप्टन या संगणकशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलं. १०×१० चा डिटर्मिनंट म्हणजे मॅट्रिक्समधल्या आकड्यांची १० घाताची बहुपदी. प्रोग्रॅम तेवढ्याच घाताची दुसरीच कुठली बहुपदी काढत असेल, तर १० लाख आकड्यांतून रँडम निवड केल्यावर दोन्हींची उत्तरं योगायोगाने जुळण्याची शक्यता फार तर लाखात एक. फ्लोटची, म्हणजे संगणकातल्या दशांश आकड्यांची, राउंडिंगची कटकट वेगळी.

पण यात एक मेख आहे. प्रोग्रॅमने सगळीकडे एकच बहुपदी काढली पाहिजे. आमची मुलं ओळी वजा करत जातात आणि डाव्या वरच्या आकड्याने बेधडक भागतात. तिथं शून्य आलं की संपलं. १० लाखांतून निवडलेल्या आकड्यांत ते शून्य कधी येणार? म्हणून मी दुसरी फेरी −३ ते ३ मधल्या आकड्यांची घेतो. सरासरी सातात एकदा कोपऱ्यात शून्य येतं.

परवा एकाला वरच्या ओळीत ०, १ आणि खालच्या ओळीत १, ० असलेली मॅट्रिक्स दिली. स्क्रीनवर ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’.

‘सर, अशी मॅट्रिक्स परीक्षेत येत नाही.’

‘माझ्याकडे येते.’

तो ओळींची अदलाबदल घालून परत आला. उत्तर १. हवं होतं −१. अदलाबदलीनंतर चिन्ह फिरवायचं राहिलं होतं. गंमत म्हणजे ही मॅट्रिक्स स्वतःशीच गुणली तर माझा ताळा जुळतो: एक गुणिले एक, एक. दुसऱ्या फेरीतल्या पुढच्याच जोडीने मात्र त्याला पकडलं.