सुटलात ना लोकलमधून?

डोंबिवलीच्या जुन्या मैत्रिणी, पुण्यातले नातेवाईक, कार्यात भेटलेली अर्धवट ओळखीची माणसंसुद्धा मला हमखास एकच विचारतात, "मुंबई सोडून नाशिकला आलात. सुटलात ना त्या गर्दीतून?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच तयार असतं. मग मीही "हो ना, फार बरं वाटतं" म्हणते आणि पुढची जिलबी वाढून घेते. पंगतीत कुठे चऱ्हाट लावायचं? पण मध्यंतरी एका बाईंनी पुढचं विचारलं, "खरंच? मग त्रास काहीच नाही?" तर तुम्ही विचारलंत म्हणून आता जरा सविस्तर सांगते.

आधी एक. नाशिकला छोटं गाव धरून विचारत असाल, तर तसं ते राहिलेलं नाही. इथे १९८२ पासून महानगरपालिका आहे आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर होती. त्यानंतर पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगावकडे काय काय उभं राहिलंय ते डोळ्यांनी दिसतंच. तरी जुना नाशिककर मेन रोडला निघाला की "गावात जाऊन येतो" म्हणतो आणि नाशिकरोडचा माणूस "नाशिकला जाऊन येतो" म्हणतो. माझ्या मते गोची इथेच आहे. पसारा शहराचा झाला, पण फिरायची सोय गावाच्या हिशेबाचीच राहिली.

माझं ऑफिस फोर्टमध्ये होतं आणि घर डोंबिवलीला. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचं वर्णन तुम्ही पुष्कळदा वाचलं असेल, ते सोडून देते. खरं काम वेगळंच असायचं. बसायला हवं असेल तर उलटं कल्याणला जायचं आणि तिथून सुटणारी गाडी पकडायची. ते जमलं नाही तर चढल्या चढल्या बसलेलीला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती घाटकोपर म्हणाली तर जागा आपली, भायखळा म्हणाली तर पुढचीला विचारायचं. तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली तरी दिवस बरा गेला म्हणायचं. पावसाळ्यात कुर्ला-शीवला पाणी भरलं की फोनाफोनी, रविवारी मेगाब्लॉक. दिवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात दारात लटकलेल्या पोरांकडे बघवत नसे. ९ जून २०२५ ला त्याच मुंब्र्याच्या वळणावर दारातले प्रवासी खाली पडून जीव गेले, तेव्हा टीव्हीवर ती जागा मला सांगावी लागली नाही. लोकलचं कौतुक करणाऱ्यांनी हेही त्याच वाक्यात सांगावं, एवढंच माझं म्हणणं.

मग ह्यांना अंबडच्या एमआयडीसीत काम मिळालं आणि आम्ही सासूबाईंसह इंदिरानगरला राहायला आलो. मला कॅनडा कॉर्नरला एका सीएंच्या ऑफिसात हिशेबाचं काम मिळालं. त्यानंतर जे मिळालं ते खोटं म्हणणार नाही. हे दुपारी घरी जेवायला येतात. गरम पोळी, ताटावर बसून. डोंबिवलीत आमच्या गॅलरीत संध्याकाळी ऊन येतं हे मला फक्त सुट्टीच्या दिवशी दिसायचं, कारण एरवी घरी पोहोचेपर्यंत साडेआठ झालेले असायचे. इथे सहाला ऑफिस सुटतं आणि साडेसहाला मी चहा घेते. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जाऊन, भाजी घरी टाकून, आमटीला फोडणी देऊन कालिदास कलामंदिरात नाटकाला तिसरी घंटा व्हायच्या आत पोहोचता येतं. मुंबईत नाटकाला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा टाकायची. बारसं, डोहाळजेवण, कोणी आजारी असेल तर भेटून येणं, हे सगळं इथे मधल्या वारी होतं. माणसं जवळची राहतात ती काही अंशी अंतर कमी म्हणून, हे मला इथे येऊन पटलं.

पहिल्यांदा आले तेव्हा नाशिककरांच्या ट्रॅफिकच्या तक्रारी ऐकून हसू यायचं. कॉलेज रोडला दोन सिग्नल लागले की लोक वैतागतात! पण पुढे इंदिरानगरचा बोगदा, म्हणजे महामार्गाखालून पलीकडे जायची वाट, रोजचा झाला आणि हसणं थांबलं. मुंबई-आग्रा महामार्ग शहराला मधोमध चिरून जातो. एका बाजूला इंदिरानगर, दुसऱ्या बाजूला गोविंदनगर, सिडको, अंबड आणि जुनं शहर. इकडून तिकडे जायच्या जागा मोजक्या, त्यामुळे सगळी वाहनं त्या मोजक्या तोंडांशी येऊन घुसतात. २०१३ साली लांबलचक उड्डाणपूल झाला. तो बाहेरगावच्या गाड्यांना वरून काढून देतो, आम्ही खालीच. द्वारका चौकात तर मुंबई-आग्रा, पुणे रोड आणि शहरात जाणारे रस्ते एकाच जागी भेटतात. तिथे पादचाऱ्यांसाठी जमिनीखालून मार्ग काढला, तो वर्षानुवर्षं वापराविना पडला आणि माणसं वरूनच, हात दाखवत, ट्रकपुढून पळत राहिली.

तरीही सांगते, कोंडी हा माझा मुख्य त्रास नव्हे. बोगद्यात अर्धा तास गेला तरी डोंबिवलीच्या मानाने फायद्यातच असते. त्रास कळला तो सासूबाईंमुळे.

सासूबाई डोंबिवलीत पंच्याहत्तरीपर्यंत एकट्या फिरल्या. दादरला भावाकडे, ठाण्याला मावसबहिणीकडे, गिरगावात भजनाला. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. दुपारची रिकामी लोकल गाठायची, खिडकीशी बसायचं, परत येताना दादरहून फुलं आणायची. त्यांना सायकलसुद्धा येत नाही, पण कोणती गाडी स्लो, कोणती डबल फास्ट, कोणत्या डब्यातून उतरलं की जिना समोर येतो हे पाठ होतं. बारा डब्यांची गाडी त्यांच्या सेवेला होती म्हणा ना.

नाशिकमध्ये त्यांची एक मैत्रीण पंचवटीत काळारामाच्या देवळाजवळ राहते. आमच्या घरापासून सात-आठ किलोमीटर. मुंबईच्या हिशेबाने हे अंतर कोणी धरतसुद्धा नाही. पण बसथांब्यापर्यंत चालायचं, सर्व्हिस रोड ओलांडायचा, बस कधी येईल त्याचा नेम नाही, आली तर एकदा बदलायची. रिक्षावाला मीटरने येत नाही. मीटर असतं, पण भाडं तोंडी ठरतं आणि म्हातारं माणूस बघून जरा जास्तच ठरतं. शेअर रिक्षा शालिमारहून, द्वारकेहून मिळतात, पण तिथवर कसं जायचं? त्यामुळे आता त्या रविवारची वाट बघतात. मुलाला वेळ असेल तर, त्याचं पोट ठीक असेल तर, क्रिकेटची मॅच नसेल तर. एकदा मला म्हणाल्या, "तिकडे मी डब्यात उभी राहायचे, इकडे दारात उभी राहते." त्या तक्रारीच्या सुरात बोलत नाहीत, म्हणून जास्त लागलं.

त्यांच्यावरून मी शेजारीपाजारी बघायला लागले. आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक बेताची सुरुवात "कोण सोडतंय? घ्यायला कोण येतंय?" इथून होते. मुलांचे क्लास कॉलेज रोडला, म्हणून आईची दुपार स्कूटरवर. कामवाल्या ताई सातपूरच्या बाजूने येतात. त्यांचा नवरा त्यांना सोडून मग कामावर जातो, त्याचा खाडा झाला की यांचाही खाडा. सोळा वर्षं झालेल्या पोराला कायद्याने पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. तसल्या गाड्या आता बाजारात मिळणं कठीण, म्हणून पोरं मोठी गाडी घेऊन लायसन्सशिवाय गंगापूर रोडला सुसाट, आणि आईबापही डोळेझाक करतात. करणार काय? डोंबिवलीत आमच्याकडे एकही वाहन नव्हतं आणि कधी अडलं नाही. इथे दोन स्कूटर आणि एक कार आहे, आणि तरी रविवारी कोणी ना कोणी अडकून पडतं. स्कूटरची टाकी एकदा फुल करायला जे पैसे लागतात, त्याहून कमी पैशांत डोंबिवली-सीएसएमटीचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास निघतो. बोगद्यातल्या कोंडीला नावं ठेवताना आमचीच तीन वाहनं त्यात उभी असतात, हे मी कशाला लपवू?

गंमत म्हणजे सगळ्यांना फिरता येईल अशी सोय नाशिकला कधी सुचलीच नाही असं नाही. १८८९ मध्ये नाशिकरोड स्टेशनपासून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत ट्राम सुरू झाली होती. सुरुवातीला घोडे ओढायचे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. म्हणजे स्टेशनावर उतरलेल्या यात्रेकरूला गावात न्यायची सोय इंग्रजांच्या काळात रुळांवर होती, आणि आज त्याच अंतरासाठी मी कुणाला तरी फोन करते. पुढे कितीतरी वर्षं शहर बसही एसटीच चालवायची. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, शालिमार, निमाणी इथल्या त्या लाल बस आठवणारे लोक अजून आहेत. मग फेऱ्या आटत गेल्या. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली. निमाणी-नाशिकरोड अशा मोठ्या रस्त्यांवर ती कामाची आहे, मी स्वतः वापरते. कॉलन्यांच्या आतल्या रस्त्यांवर मात्र तिची आशा धरू नये.

आणि मेट्रो निओ! रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी, उन्नत मार्गावरून जाणारी. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी जाहीर झाले तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटायचेच बाकी होते. गंगापूर ते नाशिकरोड बसल्या जागी जाता येणार होतं. एक खांबही उभा राहिला नाही. त्या मार्गाच्या नावावर विकलेले फ्लॅट मात्र राहते झाले.

बाहेरगावी जायचं तरी तेच. मुंबईला पंचवटी एक्स्प्रेस आहे, १९७५ पासूनची, सकाळी जाऊन रात्री परत. पासधारकांनी शिस्तीने चालवलेल्या तिच्या आदर्श कोचचं कौतुक बाहेरही झालं. ती चुकली तर टॅक्सीने कसारा गाठायचं आणि तिथून लोकल, हा जुना नाशिककरी तोडगा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. घाट आता कळतसुद्धा नाही, आणि वाचवलेला वेळ भिवंडी-ठाण्याच्या रांगेत व्यवस्थित परत घेतला जातो. पुण्याचं विचारूच नका. दोन एवढी मोठी शहरं, मध्ये सरळ रेल्वे नाही. गेलात तर कल्याणवरून वळसा, नाहीतर चाकणच्या कोंडीत बसून शेंगदाणे.

सध्या तर सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी म्हणून जिथे तिथे खोदकाम आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. रस्ते रुंद होतायत, बरंच आहे. पण मला २०१५ ची पर्वणी आठवते. तेव्हा भाविकांच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर उभ्या करून त्यांना एसटीने आत आणलं होतं. लाखो पाहुण्यांना काही दिवस बसने फिरवायचं आपल्याला जमतं. मग घरच्या म्हाताऱ्यांना रोज फिरवायला काय अडतं? रुंद रस्त्यांनी सासूबाई पंचवटीला जाणार नाहीत. रस्ता अजून रुंद, तर ओलांडायला अजून कठीण.

मग परत डोंबिवलीला जाल का, असंही विचारलं जातं. नाही. ह्यांचं दुपारचं जेवण आणि माझी संध्याकाळ मी आता कोणाला द्यायची नाही. पण मी चाळिशी ओलांडलेली, स्कूटर चालवणारी, धडधाकट बाई आहे. माझं उत्तर माझ्यापुरतं. हाच प्रश्न सासूबाईंना विचाराल तर त्या आधी तुम्हाला चहा देतील आणि मग अकरा पाचच्या लोकलबद्दल बोलत बसतील.

आणि नाशिकला घर घ्यायचं म्हणून विचारत असाल, तर फ्लॅट बघायला बिल्डरच्या गाडीतून जाऊ नका. घरातल्या ज्याला गाडी चालवता येत नाही त्याला बरोबर घ्या, सीबीएसला उतरा आणि तिथून सिटीलिंकने जा. जाताना सोपं वाटेल. संध्याकाळी सातनंतर परत येऊन बघा, आणि किंमत त्यानंतर बोला.