पाचव्या भोकातला एफ शार्प

आज सकाळपासून माउथ ऑर्गन हातातून सुटलाच नाहीये. सी पट्टीचा दहा भोकांचा, पण वाजवायचा जी पट्टीत, म्हणजे फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढून जास्त, ह्यालाच क्रॉस हार्प म्हणतात. ब्लूजला हे मस्त जमतं पण अमेरिकन कंट्री संगीताची सुरावट घेतली की पाचव्या भोकात ओढलेला एफ मला कायम खटकायचा, कानाला तिथे एफ शार्प हवा असतो ना! कंट्री ट्यूनिंगमध्ये तेवढा एकच सूर अर्ध्या स्वराने चढवलेला असतो, बाकी सगळं तसंच. आज तो पहिल्यांदा वाजवला आणि अंगावर काटाच आला.

मग कंट्रीतला माउथ ऑर्गनवादक चार्ली मॅकॉय ऐकत बसलो. काय तो सुटा, स्वच्छ सूर, कुठे घाई नाही. आणि डिफोर्ड बेली तर १९२० च्या दशकात ग्रँड ओल ओप्रीच्या रेडिओ कार्यक्रमात ह्याच खिशातल्या वाद्यातून अख्खी रेल्वे धावायला लावायचे, शिट्टीसकट!!

दुसऱ्या भोकाचा बेंड, म्हणजे ओढलेला सूर खाली वाकवणं, अजून डगमगतोय, जीभ थोडी मागे घेतली की सूर खाली येतो पण तिथे थांबत नाही. ओठ पार सुकलेत. पाणी पिऊन परत बसतोय.