स्टोन कोल्ड खरंच हिरो होता का?

परवा ‘रॉ’ या WWE च्या (तेव्हाच्या WWF च्या) कुस्तीच्या टीव्ही शोचे १९९८ चे जुने एपिसोड परत बघत बसलो होतो आणि एक गोष्ट जाम खटकली. कंपनीचा मालक विन्स मॅकमॅन हॉस्पिटलमध्ये पाय प्लास्टरमध्ये घालून पडलाय, आणि ‘स्टोन कोल्ड’ म्हणजे कुस्तीपटू स्टीव्ह ऑस्टिन डॉक्टरचे कपडे घालून आत शिरतो, बेडपॅन उचलतो आणि दणकन त्याच्या डोक्यात हाणतो. आवाज अजून कानात आहे! मग पुढच्याच आठवड्यात विन्सच्या कॉर्व्हेट गाडीत सिमेंट काँक्रीट ओततो. हेच एखाद्या व्हिलनने केलं असतं तर आपण शिव्याच घातल्या असत्या ना?

पण मला वाटतं खरा फरक समोर कोण आहे यात आहे. मालकाने छळलेल्या प्रत्येक माणसाला ऑस्टिन आपला वाटला. त्याआधी १९९७ च्या रेसलमेनिया १३ या मोठ्या शोमध्ये तो कुस्तीपटू ब्रेट हार्टच्या शार्पशूटरमध्ये (पाय पिळून धरायच्या डावात) अडकलेला, तोंडभर रक्त, तरी टॅप केलं नाही, म्हणजे हार मानली नाही, शेवटी शुद्ध हरपली, आणि तिथेच पब्लिक त्याच्या बाजूने झालं, खरं तर आत येताना व्हिलन तोच होता आणि बाहेर पडताना ब्रेट. मला मात्र ब्रेटसाठी आजही वाईट वाटतं.