तुम्ही विचारलंत म्हणून: रोज ऑफिसवाली नोकरी का नाही घेतली
मावशीपासून जुन्या टीममधल्यांपर्यंत सगळ्यांचं एकच, पगार एवढा वाढत होता, पोस्ट मोठी होती, मग पाचही दिवस मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिसला जायचं एवढ्यावरून नाही म्हणालीस? घरी बसायची सवय लागली का?

नाही लागली. 2020 च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, त्यानंतर वर्षभर मी बदलापूरच्या वन बीएचकेत ओट्याशेजारी लॅपटॉप मांडून काम केलं आणि तेव्हा मीच मॅनेजरला म्हणत होते की घरात जीव गुदमरतोय, मला ऑफिसला येऊ द्या. तेही खरंच होतं. नंतर हायब्रिड आलं, तीन दिवस जायचं. पण तीनच दिवस गेलं की लोकलच्या डब्यातल्या ग्रुपमधली जागा जाते, जी बाई रोज येते तिच्यासाठीच पिशवी ठेवून जागा धरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

2023 चा ऑगस्ट. मला नववा आठवडा चालू होता, तीन महिने व्हायच्या आत कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलेलं. गाडी बदलापूरहूनच सुटते, पण अंबरनाथहून डाऊन करून, म्हणजे जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने, आलेल्या बायका आधीच बसलेल्या असतात. मी मधल्या पॅसेजमध्ये उभी. डोंबिवलीला लोंढा आत आला, ठाण्याला परत आला, कुणाची तरी बॅग पोटाशी रुतली होती आणि मला हात खाली घेता येईना. बसू द्या म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून कुर्ल्यापर्यंत तशीच उभी राहिले, मग शेअर रिक्षाची लाइन, पाऊस. अकराच्या सुमाराला ऑफिसच्या वॉशरूममध्ये रक्त दिसलं. दुपारच्या गाडीने एकटीच परत आले. डबा रिकामा होता, खिडकी मिळाली. ती खिडकी मी विसरू शकत नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं की प्रवासाचा काही संबंध नाही, एवढ्या लवकर होतं ते बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो म्हणून होतं, तू उभी राहिलीस म्हणून नाही. सासूबाई म्हणतात दगदगीनेच झालं. मला डॉक्टरांचं पटतं, पण गाडी ठाण्याला थांबली की पटत नाही.

आणि त्या दिवशीची मीटिंग घरून झाली असती. मी विचारलंच नाही. दांड्या मारते असं वाटू नये म्हणून गेले, कुणी जबरदस्ती केली नव्हती. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

2025 च्या 9 जूनला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडून गेली, सोमवार होता, माझा घरून कामाचा दिवस. दुपारपर्यंत नातेवाइकांचे फोन येत होते, तू गाडीत नव्हतीस ना. त्यांतलेच काही जण आता विचारतात की ऑफर का सोडली.

मला ऑफिस नको असं नाहीये हो. नव्या कंपनीला मी अकराला येते, सातपर्यंत थांबते असं सांगून पाहिलं, त्यांना साडेनऊच हवं होतं. पैसे हातचे गेले याचं वाईट वाटतं, होमलोन आहेच. कधी वाटतं घाबरून निर्णय घेतला. पुन्हा बोलावलं तर काय सांगेन, माहीत नाही. पास मात्र मी अजून तीन महिन्यांचाच काढते.