अंडं घातलं का मुंगूस आलं?

लॉकडाऊनला पुण्याहून गावी आलो तो परत गेलोच नाही. गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या काठाला. घरामागं परडं, परड्यात आईच्या सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा, आणि माझ्या लॅपटॉपच्या टेबलाची खिडकी नेमकी तिकडंच उघडते. सुरुवातीला मला सगळं एकसारखंच ऐकू यायचं, दिवसभर नुसती कॉक कॉक. आई मात्र चुलीपुढं भाकरी थापत थापत आतूनच सांगायची, "तांबडीनं घातलं बघ, काढून आण, न्हायतर कावळा फोडंल." जाऊन बघावं तर खरंच गरम अंडं.

मग मलाही वाटायला लागलं की आपल्याला जमलं. एका दुपारी आई बाजाराला गेलेली, मागं जोरात क-क-क-कडॉक सुरू झालं, मी म्हणलं घातलं एकीनं, मीटिंग संपली की आणू. मीटिंग संपवून गेलो तर खुराड्यात टरफलं, चार अंडी गायब, एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, लंगडतेय आणि कुंपणातनं मुंगसाची शेपटी बाहेर जाताना दिसली.

आईनं आल्यावर शिव्या घातल्याच. पण मग जे सांगितलं ते आजवर विसरलो नाही. "एकीचं वरडणं काय ऐकतोस, बाकीच्या काय करत्यात ते बघ की." अंडं घातल्यावरचा कडॉक आणि जमिनीवरनं मुंगूस, बोका, कुत्रं आल्यावरचा कडॉक कानाला जवळजवळ सारखाच, मी काय एकटा फसलो नव्हतो. पण अंड्याचं असेल तर ती एकटी बोंबलते, कोंबडा फारतर साथ देतो, आणि बाकीच्या निवांत उकिरडा उकरत असतात. मुंगूस असेल तर सगळ्यांच्या माना वर, सगळ्या मिळून ओरडणार, आणि थांबायचं नाव नाही.

घारीचं तर पूर्ण उलटं. कोंबडा मान तिरकी करून एकाच डोळ्यानं आभाळात बघतो, लांबलचक बारीक क्रीर्रर्र असा आवाज काढतो आणि परडं एकदम गप्प. ज्या त्या जागी थिजलेल्या नाहीतर पेरूच्या झाडाखाली घुसलेल्या. मला तर आता आवाजापेक्षा ती शांतताच आधी कळते.

हे आमच्या परड्यापुरतंच असेल असं वाटलेलं, पण वाचलं तर 1993 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना एकेकटं ठेवून हेच दोन आवाज नुसते स्पीकरवर ऐकवले होते. शत्रू कुठंच नाही, फक्त आवाज, तरी घारीचा आवाज लागला की आडोशाला पळायच्या आणि जमिनीवरच्या शत्रूचा लागला की ताठ उभं राहून चारी बाजूला बघायच्या. म्हणजे नुसती भीती नाही, संकट वरनं आहे का खालनं हे पण त्यात सांगितलेलं असतं. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग, तुला काय वाटलं?"

कोंबडा तसा लबाड. किडा सापडला की टुक-टुक-टुक करत चोचीत धरतो, खाली टाकतो, परत उचलतो, कोंबड्या धावत येतात आणि तो स्वतः खात नाही. किती प्रेमळ वाटतं. पण कोंबड्या लांब गेल्या की कधीकधी वाळक्या पानावर नाहीतर खड्यावर पण हेच नाटक. त्या एकदा फसतात, मग हळूहळू यायचं बंद करतात, बरोबरच आहे.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीबद्दल काय सांगायचं, पिसं फुगवून गुरगुरते, हात घातला की चोच मारते, संपलं. पण तिच्याखालचं मात्र ऐकाच. अंडी घालून बसवल्यावर एकवीस दिवस लागतात, आणि विसाव्या दिवशी आईनं एक अंडं माझ्या कानाला लावलं. आतनं बारीक चीव चीव. कवच अख्खं, चीर पण नाही. वरनं खुडूक हळू आवाजात क्लुक क्लुक करायची आणि आतला गप्प व्हायचा, परत सुरू. मी कानावरनं अंडं काढेचना तेव्हा आई म्हणाली गार होईल, ठेव खाली.

परवा क्लायंटच्या कॉलवर बोलत होतो तेवढ्यात बाहेर क्रीर्रर्र झालं आणि सगळं चिडीचूप. पिल्लं उघड्यावर होती. लॅपटॉप तसाच सोडून पळालो, आई पण पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर. दोघंही आभाळात बघतोय, आणि वर आरामात एक बगळा चाललेला. आई कोंबड्याकडं बघून "मुडद्या" म्हणाली आणि आत गेली. मी येऊन बसलो तर माइक चालूच, तिकडनं विचारतात, सगळं ठीक आहे ना? म्हणलं हो, बगळा होता.